डोलकाठीखालचा रुपया

मित्रांनो, मी एक जुना, चांदीचा आणि अगदी खरं सांगायचं तर वाया गेलेला रुपया आहे. किहीमला नारळीच्या वाडीत एक बंगला आहे. त्या बंगल्यातल्या शिसवी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात माझा मुक्काम असतो. वरच्या खणांत माझे नातलग राहतात, आणि त्यांच्याखाली निळी मखमल अंथरलेली आहे. माझ्याखाली जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा आहे. रडगाणं गायचं नाही असं ठरवूनच मी बोलायला बसलो आहे, पण मधेच कुठे आवाज कडवट झाला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मुंबईच्या टांकसाळीतला, सन १९११ चा. त्या वेळी नवा राजा गादीवर आला होता. माझ्या एका अंगावर त्याचा मुखवटा उमटवला, डोक्यावर मुकुट, अंगात भारी झगा. झग्यावर छातीशी एक साखळी होती आणि त्या साखळीत तांदळाच्या दाण्याएवढा एक हत्ती. आता नशीब बघा. कोरणाऱ्याच्या हातून हत्तीची सोंड आखूड झाली आणि पाय बुटके राहिले. लोकांना तो हत्ती काही हत्ती वाटेना, डुक्कर वाटायला लागला. राजाच्या छातीवर डुक्कर! बाजारात नुसता गहजब उडाला. शेवटी सरकारने आमच्यापैकी बहुतेकांना परत बोलावून पुन्हा भट्टीत घातलं आणि पुढच्या साली हत्ती नीट काढला. म्हणजे जगात येऊन मी धड डोळेही उघडले नव्हते, तोच माझी बदनामी झाली होती.

मी भट्टीतून वाचलो तो एका वाण्यामुळे. टांकसाळीतून कागदात गुंडाळून निघालो तो बोटीने थेट मुरुडला त्याच्या दुकानात पोचलो होतो. त्याने कागद उलगडला, डोळे बारीक करून माझ्या छातीकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि कागदासकट मला पेटीच्या तळाशी ढकललं. तिथे मी पस्तीसेक वर्षं पडून होतो. माझ्यावर कुणी मीठ घेतलं नाही, की काडेपेटी. माझे इतर भाऊ हातोहात फिरत होते, झिजत होते, घरोघरची चूल पेटवत होते. मी मात्र अंधारात पडल्या पडल्या त्यांचा हेवा करत होतो.

मग ते साल उजाडलं, ज्या सालच्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला. थळच्या कोळीवाड्यातला हरेश्वर तांडेल सुक्या मासळीचे भारे घेऊन मुरुडला आला होता. गडी उंच, काळासावळा, बोलायला मोकळा. त्याची नवी होडी बांधून होत आली होती आणि आता फक्त डोलकाठी उभी करायची राहिली होती. डोलकाठी ज्या खाचेत उभी राहते, त्या खाचेत आधी एक नाणं ठेवायचं, असा त्याच्या घराण्याचा रिवाज होता. पण नाणं कसलंही चालत नसे. ते कोरं लागे. ज्याच्यावर कधी कुणी काही विकलं नाही, विकत घेतलं नाही, असं.

"हाताहातांतून फिरल्यालं नाणं नको, शेट," हरेश्वर वाण्याला सांगत होता. "त्येला कुनाकुनाचं उसासं लागल्यालं असतात. माजी होडी हलकी राह्यला पायजे."

वाणी हसला आणि पेटीच्या तळातून त्याने मला वर काढलं. "घे बाबा. याला अजून कुणाचा हात लागलेला नाही. घ्यायलाच कोण तयार होतं!"

हरेश्वरने मला उजेडात धरलं. डुकराकडे त्याचं लक्षही गेलं नाही. तो एवढंच म्हणाला, "कोरा हाय." त्या दिवसापासून माझं नाव कोऱ्या पडलं.

थळच्या किनाऱ्यावर, माडांच्या रांगेपलीकडे होडी उभी होती. सुताराने खाच साफ केली. हरेश्वरच्या बायकोने, आवडाबाईने, हळदकुंकू वाहिलं. राळ आणि तेल एकत्र तापवून ती कढत राळ खाचेत ओतली, मला त्यात निजवलं आणि वरून आणखी ओतली. वर डोलकाठी उभी राहिली. देशात सगळीकडे नवं निशाण फडकत होतं आणि मी, छातीवर इंग्रज राजा घेऊन, एका कोळ्याच्या होडीच्या पोटात कायमचा बंदिस्त झालो. पण मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटलं नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा कुणाला तरी मी हवा होतो.

ती चौदा वर्षं माझ्या कामाची वर्षं. मी समुद्र कधी पाहिला नाही, पण शिडात भरलेला सगळा वारा डोलकाठीतून उतरून माझ्या डोक्यावर येऊन टेकायचा. होडी लोटण्याआधी हरेश्वर डोलकाठीवर तळवा टेकून म्हणायचा, "कोऱ्या, सांभाळ रं बाबा." एवढंच, पण मी अंग ताठ करून बसायचो. मी कुणाला सांभाळत नव्हतो, हे मलाही कळत होतं. सांभाळत होता तो हरेश्वरचा हात आणि सागवान. तरीही रोज कुणी आपल्यावर भरवसा टाकला की चांदीलाही बरं वाटतं. बाहेर नवे पैसे आले, आणे गेले, चांदीचा रुपया बाजारातून कधीच उठून गेला. मला त्याची खबरही नव्हती.

मग एकाएकी डोलकाठीवर तळवा टेकायचा थांबला. हरेश्वर तापाने गेला. त्याचा मुलगा तुळशीराम होडी नेऊ लागला. पोरगा कष्टाळू होता, पण होडीला आतून लाकूड खाणारा किडा लागला होता, आणि किड्याला कष्टाळू-आळशी असा भेद कळत नाही. १९६१ साली होडी वाळूवर ओढली आणि मोडायला घेतली. डोलकाठी उपटली तेव्हा खाचेतून राळेचा एक पिवळा गोळा निघाला. आत मी होतो. गोळ्याचा एक टवका उडाला होता आणि तिथून राजाचा चेहरा आणि छातीवरचा हत्ती लख्ख दिसत होता.

आवडाबाईने मला पदरात घेतलं. रिवाजाप्रमाणे मी नव्या होडीत जायचा होतो. पण नवी होडी होती कुठे? जुन्या होडीचे खिळे, दोर, शीड जपून ठेवलं होतं. तुळशीरामच्या बायकोने, कमळने, गळ्यातले मणी काढून दिले होते. तरी लाकूड काही येत नव्हतं. होडी झाली तर तुळशीराम तांडेल, म्हणजे आपल्या होडीचा धनी, राहणार, नाही झाली तर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणार. कोळीवाड्यात या दोन शब्दांमध्ये केवढं अंतर असतं, ते तुम्हाला शहरात बसून कळायचं नाही. हरेश्वरच्या घराण्यात दुसऱ्याच्या होडीवर कुणी गेलं नव्हतं.

आवडाबाई किहीमला मासळी विकायला जात असे. तिथे बंगल्यात चौबळसाहेब सुट्टीला येत. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पाटी उतरवता उतरवता तिने त्यांना माझ्याबद्दल आणि अडलेल्या होडीबद्दल सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी साहेब मुंबईच्या एका मित्राला घेऊन थळला तिच्या ओसरीवर हजर झाले.

चौबळसाहेबांनी मला उचललं ते फक्त कडेने, दोन बोटांत. पोटाला, पाठीला बोट लागू दिलं नाही. खिशातून भिंग काढलं. आधी राजाची भुवई पाहिली, मग मुकुटातले मोती, मग कान, मग छातीवरचा हत्ती. नाण्यावर जे जे उंच असतं ते आधी झिजतं, म्हणून पारखी माणूस आधी तिथे बघतो. मग त्यांनी मला उन्हाच्या तिरिपेत धरून हळूहळू फिरवलं. टांकसाळीतून ताज्या निघालेल्या नाण्यावर उजेड स्थिर राहत नाही, गोल गोल फिरतो. राळेच्या त्या फटीत उजेड फिरला. साहेबांनी मला पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

मग ते मित्राशी इंग्रजीत बोलू लागले. माझ्या छातीवर इंग्रज राजा, तेव्हा इंग्रजी मला कळतं. आवडाबाईला कळत नव्हतं.

ते म्हणाले, "हा कधी वापरलाच गेलेला नाही. हत्तीची सोंडसुद्धा शाबूत आहे. राळ मी अलगद काढीन. खाली टांकसाळीची चमक जशीच्या तशी असणार."

मित्र म्हणाला, "मग या बाईच्या मुलाची होडी यात होऊन जाईल."

"हळू बोल. आपण उतावीळ दिसलो, तर भाव चढेल. तिला कळता कामा नये."

मग साहेबांनी मला राळेच्या तुकड्यासारखंच सहज खाली ठेवलं आणि मराठीत म्हणाले, "ठीक आहे, आवडाबाई. नाणं जुनं आहे, एवढंच. पुढच्या आठवड्यात येईन, तेव्हा बघू."

"लई काय न्हाय ना त्येच्यात?" तिने विचारलं.

"बघू म्हटलं ना!" असं म्हणून ते उठले.

मित्रांनो, नीट ऐका. त्या वेळी त्यांनी एक वाक्य सांगायला हवं होतं. ‘याला हात लावू नका, धुऊ नका, आहे तसा ठेवा.’ एवढंच. पण ते सांगितलं असतं तर बाईला शंका आली असती. म्हणून त्यांनी ते वाक्य गिळलं. जिभेवर आलेलं वाक्य गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी हललेली मी स्वतः पाहिली.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी आवडाबाई मला घेऊन पडवीत बसली. "कमळ, चिंच भिजव गो," ती सुनेला म्हणाली. "आन् चुलीतली राख आन. घरातली लक्ष्मी उद्या भायेर चालली. ती काय अशी काळीबेंद्री, चिकाट घालवायची? लोक काय म्हनतील, बापाच्या घरी न्हाऊ बी घातलं न्हाय."

"साहेब काय बोललं न्हाय ना, आत्या?" कमळने विचारलं.

"काय बोलायचंय त्येनला? जुनं हाय म्हनले. जुनं हाय म्हंजे घासून द्याला होवं."

तिने राळेवर घासलेटची चिंधी फिरवली, मऊ झालेली राळ नखाने सोलून काढली. मग चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाच्या काथ्याची शेंडी. ती मन लावून घासत होती. राजाच्या भुवईवर तिचा अंगठा गोल गोल फिरत होता. हत्तीवर फिरत होता. काथ्याचा एकेक धागा माझ्या अंगावर केसासारखी बारीक रेघ ओढत होता आणि टांकसाळीची ती चमक, जी वाण्याच्या पेटीत टिकली, समुद्रात टिकली, ती राखेच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून चालली होती.

मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण खरं सांगू? मला तो हात आवडला. पन्नास वर्षांत मला कुणी न्हाऊ घातलं नव्हतं. ती मधेच म्हणाली, "त्येंच्या हातचं शेवटचं तूच उरलास बग, कोऱ्या," आणि तिचे डोळे भरून आले. ती विधवा, म्हणून तिने स्वतः हळदकुंकू लावलं नाही, कमळकडून लावून घेतलं. मी आरशासारखा चमकत होतो. दोघीजणी माझ्याकडे कौतुकाने बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चौबळसाहेब आले. तुळशीरामही घरी थांबला होता. आवडाबाईने तबकातून मला पुढे केलं, नव्या फडक्यावर ठेवून. साहेबांनी पाहिलं आणि भिंग काढून मला उजेडात फिरवलं.

"हे काय केलंत?"

"काय जालं, साहेब?" आवडाबाई हसतच म्हणाली. "घासून लख्ख केला."

"सत्यानाश केलात!" साहेबांचा आवाज चढला. "अहो, नाण्याची प्रत त्याच्या मूळच्या अंगावरून ठरते. वापरात झिजलेलं चालतं, काळं पडलेलं चालतं, घासलेलं चालत नाही! याची प्रत सगळ्यात वरची होती. आता याला प्रतच नाही. हा चांदीचा तुकडा झाला नुसता. एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

मग तुळशीराम पुढे झाला. "वरची परत होती म्हंजे? यात माजी होडी जाली असती?"

साहेब भिंगाची काच रुमालाने पुसू लागले.

"सांगा ना साहेब. जाली असती का न्हाय?"

"झाली असती," साहेब खाली बघून म्हणाले.

"मंग त्या दिवशी का न्हाय सांगितलं? घासू नका म्हनून येक शबुद का न्हाय बोलला?"

भिंगाची काच पुन्हा पुसली गेली. ती तर आधीच स्वच्छ होती. "तुम्ही विचारलं नाहीत," असं काहीतरी ते पुटपुटले. तुळशीराम आणखी बोलणार होता, पण आवडाबाईने त्याचा हात धरला. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "साहेबाला नको बोलूस. घासला म्या," ती म्हणाली. "साहेबाचा काय गुन्हा?"

वजनावर चांदीचा जो भाव होता, तेवढ्यात साहेबांनी मला घेतलं. पुढे जपून ठेवलेलं शीड विकलं गेलं, दोर विकले गेले, आणि तुळशीराम दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला.

तेव्हापासून मी या खणात आहे. तुम्ही म्हणाल, वाया गेलेलं नाणं साहेबांनी कशाला ठेवलं? शिकवायला! मुंबईचे पाहुणे आले की साहेब एकेक खण ओढून नाण्यांची प्रत कशी ठरते ते समजावतात, आणि समजावतात छान. ज्याच्यावर फक्त राजाच्या डोक्याचा आकार उरला आहे ते तळाचं. त्याच्या जरा वर ‘गुड’. नावावर जाऊ नका, गुड म्हणजे चांगलं नव्हे, गुड म्हणजे जवळजवळ गुळगुळीत. मग ‘फाईन’, त्यात मुकुट कळतो पण मोती कळत नाहीत. मग ‘व्हेरी फाईन’, त्याच्यावर आणखी एक, आणि सगळ्यात वर, मखमलीवर, ज्याने जन्मात कधी पावशेर साखर आणली नाही ते. आमच्या जगात जो कुणाच्याच उपयोगी पडला नाही तो राजा. ज्याने चार घरांत चूल पेटवली, तो ‘गुड’. हरेश्वरलाही कोराच रुपया हवा होता, पण त्याला तो कामाला लावायचा होता. या खणांत कोरेपणाला दुसरं काही काम नाही.

सगळ्यात शेवटी साहेब मला काढतात. दिव्याखाली तिरपं धरतात, म्हणजे काथ्याच्या रेघा दिसाव्यात. "हे पाहा. घासलेलं नाणं. चकाकतं ना? पण ही चकाकी मेलेली आहे. उजेड फिरत नाही, नुसता बसतो. कुणा अडाणी बाईने हौसेने घासलं आणि मातेरं केलं." पाहुणे चुकचुकतात. मी परत वर्तमानपत्रावर येतो.

परवा असाच एक पाहुणा आला होता. मी त्याच्या तळहातावर होतो. मागच्या दारी पाटी उतरल्याचा आवाज झाला आणि ओळखीचा आवाज आला, "साहेब, पापलेट हायेत ताजं." आवडाबाई. थकली आहे आता, पण दर आठवड्याला किहीमला येते. आली की दारातूनच विचारते, "आमचा कोऱ्या बरा हाय न्हवं?" आणि साहेब म्हणतात, "आहे, आहे. पापलेट कसं दिलंस?"

त्या दिवशी मात्र साहेबांचं वाक्य अर्ध्यावर होतं. अडाणी बाई, हौस, मातेरं, हे सगळं दाराशी स्वच्छ ऐकू गेलं. पाहुण्याने हळहळून विचारलं, "कोण होती हो ही बाई?"

साहेबांनी उत्तर द्यायच्या आतच दारातून आवाज आला. "मीच ती, दादा." आवडाबाई चौकटीला धरून उभी होती. हाताला मासळीचं पाणी होतं म्हणून ती आत येत नव्हती. "म्याच घासला. माज्या हातानं माज्या पोराची होडी धुवून टाकली. देवानं हात दिलं, अक्कल न्हाय दिली."

पाहुणा ओशाळला. त्याने साहेबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता तरी, मित्रांनो, आता तरी! भाव चढायची भीती उरली नव्हती, होडीचा प्रश्न मिटला होता, एक वाक्य बोलायला काही लागत नव्हतं. साहेबांच्या गळ्याची घाटी पुन्हा तशीच हलली. त्यांनी मला पाहुण्याच्या हातातून घेतलं, खणात ठेवलं आणि खण लोटला. अंधारात मला ऐकू आलं ते एवढंच, "पापलेट मोठी बघून दे."

मित्रांनो, जुनं नाणं मिळालं तर ते कडेने धरा. त्याला चिंच लावू नका, राख लावू नका, असेल तसंच राहू द्या. हे चौबळसाहेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मला तुमच्याकडून दुसरंच काही हवं आहे. समोरच्याच्या ओंजळीत काय आहे हे तुम्हाला कळलं आणि त्याला कळलेलं नसलं, तर त्याच्या ओसरीवरून उठण्याआधी त्याला सांगा. मग भाव चढला तर चढू द्या.

आणि कधी थळला गेलात तर कोळीवाड्यात आवडाबाईचं घर विचारा. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही, खणाला कुलूप असतं. तिला माझा निरोप सांगा. म्हणावं, कोऱ्या बरा आहे. आणि म्हणावं, होडी तू धुवून टाकली नाहीस, बाई. ज्याला सगळं ठाऊक होतं तो तुझ्या ओसरीवर बसून गप्प राहिला होता.